संगणकावरचे तीस आणि टीव्हीवरचे तीस

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या संगणकीय खेळांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. मुलांच्या हट्टापायी पालकांनी महागड्या ग्राफिक्स कार्डांवर (संगणकातल्या चित्रे तयार करणाऱ्या भागावर) पैसे घालवू नयेत, हा लेखकाचा सल्ला मला मान्य आहे. परंतु त्या सल्ल्याच्या समर्थनार्थ जे शास्त्र सांगितले आहे, ते चुकीचे आहे. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला चोवीसपेक्षा अधिक चित्रे दिसतच नाहीत, टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोल नावाच्या यंत्रावर हीच मुले सेकंदाला तीस फ्रेमचा, म्हणजे तीस चित्रांचा, गेम तासन्‌तास आनंदाने खेळतात, म्हणून संगणकावर तोच गेम तीस फ्रेमने ‘अडकतो’ ही त्यांची तक्रार म्हणजे केवळ लाडावलेपणा आहे, असा युक्तिवाद तेथे केला आहे. मी ग्वाल्हेरच्या एका शाळेत एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि गेल्या दिवाळीपर्यंत माझेही मत जवळपास हेच होते. ते ज्या कारणांनी बदलले, ती आपल्या वाचकांपुढे यावीत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दिवाळीच्या सुटीत माझ्या पुतण्याचा मुलगा येताना आपला कन्सोल घेऊन आला आणि तो आमच्या बाहेरच्या खोलीतल्या ४३ इंची टीव्हीला जोडला गेला. माझ्या नातवाचा चार वर्षे जुना संगणक मागच्या खोलीत आहे. दोघे एकच गेम खेळत होते. कन्सोलवर तो ३० फ्रेमला बांधलेला होता आणि संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातला आकडाही २९ ते ३१ यांच्या दरम्यानच हलत होता. दुसऱ्या दिवशी नातू माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘आजोबा, दादाचा तीस स्मूथ चालतो, माझा तीस अडकतो.’’ मी त्याला सांगितले की तीस म्हणजे तीस, आणि विषय संपवला. त्याच संध्याकाळी मुले फटाके आणायला बाहेर गेली असताना मी दोन्ही खुर्च्यांवर अर्धा अर्धा तास बसलो, आणि मुलगा खरे बोलत होता हे माझ्या लक्षात आले.

प्रथम त्या चोवीसच्या आकड्याविषयी. मूकपटांच्या काळात फ्रेमचा वेग ठरलेला नव्हता, तो साधारण १६ पासून वर बदलत असे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आला, ध्वनी त्याच फिल्मच्या पट्टीवर छापला जाऊ लागला आणि आवाज समाधानकारक यावा, पण फिल्मही फार खर्ची पडू नये, या हिशेबाने २४ हा वेग रूढ झाला. डोळ्याच्या मर्यादेचा शोध लावून कोणी तो ठरवला नव्हता. शिवाय चित्रपटगृहातल्या प्रोजेक्टरचे शटर प्रत्येक फ्रेम दोनदा किंवा तीनदा पडद्यावर टाकत असे, म्हणजे प्रकाशाची उघडझाप सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा होई, कारण चोवीसच उघडझापींनी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे चित्र सतत लुकलुकले असते. कॅमेरा प्रत्येक फ्रेम साधारणपणे एक अठ्ठेचाळीसांश सेकंद टिपतो, त्या अवधीत धावणारा माणूस किंचित पुसट होतो, आणि ही पुसटता दोन चित्रांमधली फट भरून काढते. डोळ्याला चोवीसच्या पुढे काही कळत नसते, तर दूरदर्शनवर चित्रपट आणि क्रिकेटचा थेट सामना यांच्या हालचालीतला फरक आपल्यापैकी कोणालाच जाणवला नसता. आपल्याकडचे जुने दूरचित्रवाणी प्रक्षेपण सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचे होते, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येई, आणि थेट प्रक्षेपणात ते दोन भाग वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असत. म्हणजे हालचालीचे ५० क्षण. २४ फेब्रुवारी २०१० रोजी आमच्याच कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक केले, तेव्हा घरी बसलेल्यांनी त्याची बॅट सेकंदाला पन्नास क्षणांत फिरताना पाहिली. चित्रपटातली बॅट तशी कधी दिसत नाही, आणि हे ओळखायला कोणाला शास्त्र शिकावे लागले नाही.

तरीही लेखकाने उपस्थित केलेला प्रश्न खराच आहे: कन्सोलवर तीस चालतात, तर संगणकावर का नाही? मला त्याची चार कारणे दिसली. त्यांतली दोन मोठी आहेत.

पहिले मोठे कारण लयीचे आहे. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद. आपले बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक ठोका पडतो. चांगला बांधलेला कन्सोलचा गेम प्रत्येक फ्रेम नेमकी दोन ठोके धरून ठेवतो, दोन, दोन, दोन, आणि यात खंड पडत नाही. संगणकावर मात्र पुष्कळदा एक फ्रेम एकच ठोका राहते आणि दुसरी तीन ठोके अडते, पुन्हा एक, पुन्हा तीन. १७ आणि ५० मिलिसेकंदांची बेरीज ६७, तिच्यात दोन फ्रेम, म्हणजे सरासरी पुन्हा ३०च. कोपऱ्यातला आकडा दोन्हीकडे खरा असतो, पण तो एका सेकंदाची गोळाबेरीज सांगतो आणि डोळा प्रत्येक ठोका पाहतो. ज्या गावात विलंबित ख्याल ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, तेथे हे वेगळे समजावून सांगायची गरज पडू नये. विलंबित एकतालाची मात्रा कितीही लांबवा, श्रोत्याला त्याचे काही वाटत नाही, तो समेची वाट पाहत स्वस्थ बसतो. पण तबलजीने एखादी मात्रा जराशी आधी टाकली आणि पुढची तेवढीच मागे नेली, तर एकूण आवर्तन घड्याळाप्रमाणे अचूक भरले तरी मागच्या रांगेतला माणूसही दचकतो. संथपणा सहन होतो. डळमळणे होत नाही.

याच हिशेबातून एक विलक्षण गोष्ट निघते, आणि ती मी नातवाबरोबर प्रत्यक्ष करून पाहिली. संगणकाची तयारी सेकंदाला ४० फ्रेमची असेल, तर तीसपेक्षा ते चांगलेच दिसायला हवे असे कोणालाही वाटेल. पण ६०च्या पडद्यावर ४० समान बसत नाहीत. एक फ्रेम एक ठोका, पुढची दोन ठोके, पुन्हा एक, अशी लंगडी चाल होते, आणि ती स्थिर तीसपेक्षा वाईट दिसू शकते. तेच ४० फ्रेम सेकंदाला १२० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर प्रत्येकी नेमके तीन ठोके घेतात आणि फार सुरेख दिसतात. त्या वेळी प्रत्येक फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात, जे ३३.३ आणि १६.७ यांच्या बरोबर मध्यावर आहेत. म्हणून २०२० साली बाजारात आलेल्या नव्या पिढीच्या कन्सोलवरच्या काही गेममध्ये अशाच १२० हर्ट्‌झच्या टीव्हीसाठी ४० फ्रेमची वेगळी सोय दिलेली आढळते. तीस आणि चाळीस यांच्यात नुसत्या आकड्यावरून निवड करणारा माणूस येथे फसतो.

कन्सोलला ही लय सांभाळता येते याचे कारण त्याची ताकद नव्हे, त्याचा एकसारखेपणा आहे. एका नमुन्याच्या प्रत्येक कन्सोलमध्ये तोच प्रोसेसर, तीच ग्राफिक्स चिप आणि तितकीच मेमरी असते, त्यामुळे गेम बनवणाऱ्यांना कोणत्या वळणावर यंत्राला घाम फुटणार हे आधी ठाऊक असते. तेथे ते चित्राचे रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, गुपचूप थोडे उतरवतात, सावल्या कमी करतात आणि फ्रेम ३३.३च्या आत बसवतात. संगणकाचे तसे नाही. दिल्लीत, पुण्यात आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या मागच्या खोलीत तीन वेगळी यंत्रे असतात. प्रकाश आणि पृष्ठभाग कसे दिसावेत हे ग्राफिक्स चिपला सांगणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम कन्सोलसाठी आधीच तयार करून देता येतात, पण संगणकावर ते त्या त्या चिपच्या आणि तिला चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमच्या भाषेत त्याच जागी उतरवावे लागतात. हे काम खेळ चालू असताना झाले, तर पहिला स्फोट किंवा पहिले धुके पडद्यावर येताच चित्र क्षणभर गोठते. त्यात पार्श्वभूमीवर चाललेले अपडेट, एकाच पट्टीवर भागवलेली मेमरी, आणि आमच्याकडचा मे महिना. ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो, आणि सकाळी बरा चालणारा गेम दुपारी ठेचकाळू लागतो. कन्सोललाही उष्णता सोसावी लागते, आणि फ्रेमची लय बिघडलेले गेम कन्सोलवरही निघाले आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

दुसरे मोठे कारण हाताचे आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हेच. कन्सोलचा गेम दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरवर खेळतात, संगणकाचा बहुधा माऊसवर. माऊस ही पेन्सिलीसारखी गोष्ट आहे. हात जितका सरकला तितकी रेघ उमटली पाहिजे, आणि ती त्याच क्षणी उमटली पाहिजे. मनगट कोठे पोचले हे मेंदूला डोळ्यांशिवायही कळते, त्यामुळे पडद्यावरचे दृश्य मनगटाच्या मागे राहिले की तो विलंब लगेच बोचतो. पेन्सिलीची रेघ टोकापासून बोटभर मागून येऊ लागली तर कोणालाही अक्षर काढता येणार नाही. कंट्रोलरवरची अंगठ्याची दांडी मात्र नळाच्या तोटीसारखी आहे. ती जागा सांगत नाही, वेग सांगते. अंगठा थोडा कलवला तर खेळातल्या पात्राची नजर सावकाश वळते, जास्त कलवला तर वेगाने वळते, आणि बहुतेक गेम त्यात स्वतःची चढउतार मिसळतात, म्हणजे वळण हळूहळू सुरू होते आणि हळूहळू थांबते. नेम धरण्याच्या खेळांत लक्ष्याजवळ ते थोडी छुपी मदतही करतात. अशा यंत्रणेत एखाद्या फ्रेमचा उशीर झाला तर हाताला तो उशीर म्हणून ओळखूच येत नाही, पात्राच्या अंगाचा जडपणा म्हणून तो खपून जातो.

हिशेब पाहा. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंत तीन फ्रेमचा वेळ लागतो असे धरले, तर ६० फ्रेमला तो ५० मिलिसेकंद होतो आणि ३०ला १००. एक दशांश सेकंद. तोटी फिरवणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही, पेन्सिल धरणाऱ्याला वाटेल. याची खात्री करण्यासाठी आम्ही एक साधा प्रयोग केला. कन्सोलचा कंट्रोलर तारेने संगणकाला जोडला आणि नातवाला तोच गेम, त्याच तीस फ्रेमला, त्याच खुर्चीत खेळायला सांगितले. तो दहा मिनिटांनी म्हणाला की आता अर्धे अडकणे गेले. फ्रेम एकही वाढली नव्हती. उरलेले अर्धे अडकणे मी वर सांगितलेल्या लयीचे होते.

उरलेल्या दोन कारणांपैकी एक अंतराचे आहे, आणि ते मोजपट्टीने मोजता येते. टीव्हीची रुंदी ९५ सेंटिमीटर आणि सोफ्यापासून अंतर अडीच मीटर, म्हणजे पडदा डोळ्यांपुढचे सुमारे २२ अंश व्यापतो. नातवाचा २४ इंची मॉनिटर ५३ सेंटिमीटर रुंद आहे, पण तो ६० सेंटिमीटरवर बसतो, म्हणून त्याच्यापुढे सुमारे ४८ अंश व्यापले जातात. पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका सेकंदात जाणारी वस्तू तीस फ्रेममध्ये टीव्हीवर प्रत्येक वेळी सुमारे पाऊण अंश उडी मारते आणि मॉनिटरवर दीड अंशाहून अधिक. पौर्णिमेचे चंद्रबिंब अर्ध्या अंशाचे असते. म्हणजे मॉनिटरपुढे बसलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे ती वस्तू दर वेळी तीन चंद्रांएवढी उडी घेत असते, तर सोफ्यावरच्या मुलापुढे दीड चंद्राएवढीच. लहान पडदा म्हणजे दोष कमी दिसणार, हा आपला सर्वसाधारण समज येथे नेमका उलटा पडतो.

चौथे कारण पुसटतेचे. वर चित्रपटाच्या कॅमेऱ्याची जी पुसटता सांगितली, तीच कन्सोलचे गेम ‘मोशन ब्लर’ या नावाने मुद्दाम घालतात. संगणकावर तिचे बटण हाताशी असते, आणि मुले चित्र स्पष्ट दिसावे म्हणून ती बंद करतात. साठ किंवा त्याहून अधिक फ्रेमला हे योग्यच आहे, पण तीसला त्या फटी उघड्या पडतात. पडद्याच्या जातीचाही यात वाटा आहे. साध्या एलसीडी टीव्हीचे ठिपके रंग बदलायला थोडा वेळ घेतात, त्यामुळे दोन फ्रेम एकमेकींत किंचित मिसळतात. ओएलईडी पडद्याचे ठिपके जवळजवळ तत्काळ बदलतात, आणि म्हणून कमी फ्रेमचे धक्के त्या महाग पडद्यावर अधिक ठळक दिसतात. शिवाय संगणकावर खेळणारा मुलगा खेळ सुरू करण्याच्या क्षणापर्यंत माऊसचा बाण सेकंदाला किमान ६० वेळा सरकताना पाहत असतो, हेही विसरता येत नाही. तीस त्याला लगेच निम्मे वाटतात, कारण त्या यंत्रावर ते खरोखरच निम्मे असतात.

आता पैशांकडे येतो, कारण मूळ लेखाचा विषय तोच होता. आमच्या घरी नवे कार्ड आणलेले नाही. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ३० वर बांधली, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या ठोक्याशी जुळवणारी सोय) चालू केले, सावल्यांचा दर्जा दोन पायऱ्या उतरवला, मोशन ब्लर परत लावला, मेमरीची दुसरी पट्टी बसवली, आणि हा एक गेम कंट्रोलरवर खेळायचा असे ठरले. मेमरीची पट्टी सोडली तर खर्च झाला नाही, आणि नातवाने तो गेम संक्रांतीपूर्वी पूर्ण केला. ज्यांना मॉनिटर बदलायचाच आहे, त्यांनी बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर घ्यावा असे मी म्हणेन. अशा मॉनिटरमध्ये फ्रेम तयार होईल तेव्हा पडदा ताजा होतो, ठोक्याची वाट पाहावी लागत नाही. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपच्या कंपनीने २०१३ साली जी-सिंक या नावाने ही सोय जाहीर केली, आणि पुढे प्रतिस्पर्धी एएमडीच्या फ्रीसिंकमुळे ती स्वस्त मॉनिटरांतही आली. मात्र अनेक मॉनिटरांत तिची खालची सीमा ४८ हर्ट्‌झच्या आसपास असते, त्यामुळे तीस फ्रेमच्या प्रश्नावर तिचा थेट उपयोग होईलच असे नाही. खरेदीपूर्वी ही सीमा दुकानदाराला विचारावी.

एका गोष्टीबद्दल मात्र पालकांना सावध करावेसे वाटते. २०२२ पासून काही ग्राफिक्स कार्डे दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम स्वतः कल्पून घालतात आणि जाहिरातीत तो वाढलेला आकडा झळकतो. डोळ्याला त्याने खरेच बरे वाटते. परंतु मधली फ्रेम काढण्यासाठी पुढची खरी फ्रेम आधी हाती यावी लागते, त्यामुळे हाताला मिळणारा प्रतिसाद वाढत नाही, उलट किंचित मागे पडतो. मूळचे तीस फ्रेम असे साठ करून दाखवले, तरी माऊस धरलेल्या मनगटाला ते तीसच राहतात. मुलाची तक्रार डोळ्याची आहे की हाताची, हे आधी समजून घेतले नाही, तर हजारो रुपये घालूनही ती तक्रार कायम राहील.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. चोवीस फ्रेमविषयीचे विधान पुरवणीत दुरुस्त करावे, कारण ते विद्यार्थी वाचतात आणि माझ्या अनुभवाप्रमाणे उत्तरपत्रिकेतही लिहितात. आणि यापुढे पुरवणीत एखाद्या संगणकाचे किंवा कार्डाचे परीक्षण येईल, तेव्हा केवळ सरासरी फ्रेम छापू नयेत. सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग काय होता, पडदा किती हर्ट्‌झचा होता, आणि परीक्षकाच्या हाती माऊस होता की कंट्रोलर, या तीन गोष्टी सोबत द्याव्यात. त्यासाठी एका ओळीहून अधिक जागा लागणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर